रात्र कोणी घेतली?

४ तारीख, सोमवार

मी थकलेलो नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

आज फोरमनने मला सगळ्यांदेखत क्रेनवरून उतरवलं. या नदीवरच्या पुलाचा एकेक गाळा ज्याने आपल्या हातांनी उचलून खांबांवर ठेवला, त्याला म्हणतो, "तोफ, आधी डॉक्टरांकडे जा. कागद आण, मग वर चढ." तोफ म्हणजे मी. युनियनच्या सभेत मी बोलायला उभा राहिलो की मागच्या रांगेला लाउडस्पीकर लागत नाही, म्हणून पडलेलं नाव.

माझा गुन्हा काय? शनिवारी पाळी बदलायला उंट वर आला. उंट हा माझ्या पुढच्या पाळीचा क्रेनवाला. मान बघितली की नाव विचारावं लागत नाही. तो खुर्चीत बसला, दोन्ही दांड्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, "घेतली." मी उतरलो. खाली जमिनीला पाय लागले आणि वाटलं, ब्रेक एकदा बघितलेला बरा. पुन्हा शिडी चढून वर गेलो.

"घेतली म्हटलं ना मी?"

"ऐकलं. तरी बघतो."

"माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुझ्यावर आहे. ब्रेकवर नाही."

आज पुन्हा तेच झालं. दोनदा. तिसऱ्यांदा शिडीला हात लावला तेव्हा अख्खं यार्ड खो खो हसत होतं. हसणारच! कारण नियम माझा आहे. 'घेतली' ऐकल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, आणि 'घेतली' ऐकल्यावर मागे वळून बघायचं नाही. तरुणपणी आमच्या इथे एकजण बदली वर पोचायच्या आधीच उतरला होता. आकड्याला लोखंड लोंबकळतंय आणि खुर्ची रिकामी! कोणी मेलं नाही ते केवळ नशीब. दुसऱ्या दिवशी मी गेटवर उभा राहून बोललो होतो, "जबाबदारी हवेत लोंबकळत ठेवता येत नाही! ती या हातातून त्या हातात जाते, मध्ये कुठे पडत नाही!" साहेबांनी नियम मान्य केला. आजही पाळला जातो. तो मोडणारा पहिला माणूस मीच निघालो.

या नियमाची घरातसुद्धा थट्टा व्हायची. ही रात्रपाळीची नर्स. संध्याकाळी निघताना पर्स खांद्याला लावून दारात उभी राहायची, दोन्ही हातांनी हवेतल्या दांड्या धरायची आणि माझ्याच आवाजात म्हणायची, "घेतली! रात्र घेतली मी. उतरा आता." मी म्हणायचो, बायको करावी तर युनियनमधली.

असो. झोप लागत नाही हे खरं. पण लोक त्याचा संबंध हिच्या जाण्याशी लावतात, तो मला साफ नामंजूर आहे. लग्न झाल्यापासून ही रात्री घरात नव्हतीच! ती रात्रभर दवाखान्यात, मी इथे एकटा ढाराढूर. जे माणूस रात्री घरात नसायचंच, ते गेल्यावर रात्रीची झोप का जावी? मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आहेत. हे कुठल्याच तर्कात बसत नाही.

६ तारीख, बुधवार

कंपनीची डॉक्टरीण कोवळी पोर आहे, पण हटवादी.

"काका, झोप किती लागते?"

"लागेल तेवढी."

"म्हणजे?"

"म्हणजे लागत नाही तेवढी."

तिने समोर एक पेटी ठेवली. दिवा लागला की बटण दाबायचं. मी दिव्याकडे टक लावून बसलो. बऱ्याच वेळाने म्हटलं, "तुमचा दिवा बिघडलाय."

"दोनदा लागून गेला, काका. तुमचे डोळे उघडे होते, पण तुम्ही आत नव्हता."

मी तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, डॉक्टरीणबाई, उपाशी आणि जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांच्या माणसांनी जगाचा इतिहास घडवला आहे!

"घडवला असेल. त्यांना क्रेन नव्हती चालवायची."

मग शांतपणे म्हणाली की पन्नाशी उलटली की झोप तशीही पातळ होते. त्यात जवळचं माणूस गेलं की शरीर पहारा सोडायला तयार होत नाही. माणूस रात्री टक्क जागा राहतो, पहाटे ठरल्या वेळी दचकून उठतो आणि दिवसा खुर्चीत पेंगतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. "पण सही मी करणार नाही. बावीसला परत या."

चोवीसला, रविवारी, नदीतली बोटींची ये-जा बंद ठेवून पुलाचा शेवटचा गाळा चढणार आहे. तो मी नाही चढवायचा तर कोणी? उंटाने? उंट चांगला आहे, पण त्याने शेवटचा गाळा चढवावा म्हणून मी ही सगळी वर्षं त्या पिंजऱ्यात बसलो नव्हतो.

दवाखाना पलीकडच्या काठावर आहे. हिला रोज जुन्या पुलावरून बसने वळसा घालून जावं लागायचं. म्हणायची, "तुमचा पूल झाला ना, की मी चालत जाईन आणि दुपारी अर्धा तास जास्त झोपेन." जगातले पूल कोणी व्यापारासाठी बांधतं, कोणी सैन्यासाठी. हा एका नर्सच्या अर्ध्या तासाच्या झोपेसाठी होता, असं मी सभेत एकदा म्हणालोही होतो. टाळ्या पडल्या होत्या.

डॉक्टरणीने एक पत्रक दिलंय. रोज एकाच वेळी उठा. पडून झोपेशी झुंजू नका, उठून बसा. दुपारी लवंडू नका. दुसऱ्याच्या गोळ्या घेऊ नका. लेखनशैली सुमार आहे, पण मुद्दे बरे आहेत. पाळून बघतो. मी संप जिंकलेला माणूस आहे. एक झोप जिंकू शकत नाही?

९ तारीख, शनिवार

पत्रक पाळतोय. हरतोय.

पहाटेची जाग कशाने येते ते मात्र शोधून काढलं. पहिली बस! नाक्यावर बस थांबते, तिचं दार फुसकन उघडतं आणि माझे डोळेही. हीसुद्धा त्याच बसने यायची, मग कुलपात किल्ली वाजायची. तेव्हा मी कूस बदलून पुन्हा झोपायचो. आता बस जाते आणि मी पडून ऐकत राहतो. काय ऐकतो कोण जाणे. दोष बसचा आहे.

दुसरा दोष सासूबाईंचा. लेकीमागोमाग त्याही आमच्याकडेच राहायला आल्या त्याला जमाना झाला. ही गेल्यावर लोक विचारतात, "आता सासूला कशाला ठेवून घेतलंत?" जणू भाड्याने आणलेली सायकल! पण म्हातारी रात्रभर बाहेरच्या खोलीत दिवा लावून बसते आणि उजेड माझ्या दाराखालून आत येतो. आज नाश्त्याला विषय काढला.

"आई, रात्री कशासाठी बसता?"

"माझे गुडघे, माझी खुर्ची. तुमचं काय बिघडलं, जावईबापू?"

"पण कशासाठी?"

"कोणीतरी बसायला नको का?"

या वाक्याला काही अर्थच नाही.

"आणि तुम्ही तरी कुठे झोपता?" म्हातारी थांबते थोडीच. "कडी बघता, गॅस बघता, परत कडी बघता. चोराला कळलं तर तोच म्हणेल, बाबा, तू झोप, मी उद्या येतो."

मला हसू आलं. दाखवलं नाही.

१२ तारीख, मंगळवार

मला स्टोअरमध्ये बसवलंय. लोखंडी कड्या वेगळ्या करतोय, लहान इकडे, मोठ्या तिकडे. बालवाडी! दुपारी कड्यांच्या ढिगावर डोकं टेकून झोपलो. उठलो तेव्हा गालावर कडीचा छाप होता आणि दारात उंट उभा.

"तोफ थंड झाली की काय?"

"तोफेला गंज लागत नसतो, गाढवा."

"गाढव नाही, उंट." आणि मग जरा घुटमळून, "काका, बावीसपर्यंत बरे व्हा हो. मला तो गाळा नकोय. मला तुमच्या खालीच उभं राहायचंय, इशारे द्यायला."

एवढं बोलला तरी मला त्याचा राग आलाच. दया ही दगडापेक्षा लांबून मारता येते.

संध्याकाळी सासूबाई माझ्या शर्टाचं बटण लावत होत्या. मी त्यांच्यापुढे उंटाचं सगळं रडगाणं गायलो. नियम काय, तो का आला, गेटवर मी काय बोललो होतो, सगळं. भाषण रंगलं होतं. म्हातारीने दोरा दातांनी तोडला आणि विचारलं,

"म्हणजे बदली 'घेतली' म्हणेपर्यंत उतरायचं नाही?"

"नाही म्हणजे नाही!"

"आणि बदली आलीच नाही तर?"

"तर बसून राहायचं."

"किती वेळ?"

"येईपर्यंत."

त्यांनी दाराकडे बघितलं. हिच्या चपला अजून तिथेच आहेत, आवरायला हव्यात. मग म्हणाल्या, "चांगला नियम आहे. दमवणारा आहे, पण चांगला आहे." भाषणाला इतकी थंड दाद मला आजवर मिळालेली नाही.

१५ तारीख, शुक्रवार

विजय! विजय! विजय!

झोपलो! असा झोपलो की ती पहिली बस आली कधी, गेली कधी, मला पत्ता नाही. डोळे उघडले तर कपाटावर ऊन! उशी लाळेने ओली. हा माणूस हरणार नाही, असं मी म्हणत होतो की नाही?

श्रेय कोणाला द्यावं याचा विचार करतोय. खिडकी थोडी किलकिली ठेवली होती. रात्री कमी जेवलो होतो. पत्रक पाळायला लागून आठवडाही होऊन गेला होता. सगळ्यात मुख्य म्हणजे मनाचा निर्धार.

एक गंमत लिहायची राहिली. काल मी आडवा होणार, इतक्यात सासूबाई खोलीच्या दारात आल्या. अंगावर शाल, गळ्यात चष्मा. दोन्ही हात समोर धरले, तेही उलटे, जणू पोळपाट धरलाय. म्हणाल्या, "घेतली."

"काय घेतलंत, आई?"

"रात्र. मी जागीच असते. तुम्ही उतरा."

हिचीच नक्कल केली म्हातारीने. मी म्हटलं, तुम्ही काय माझी बदली आहात का? तर म्हणाल्या, "घेतली म्हटल्यावर आधीच्याने तोंड उघडायचं नसतं. नियम तुमचाच ना?" कोर्टात उभी राहिली असती तर नाव काढलं असतं बाईने. त्यांचं मन राखायला म्हणून पडलो. कडीसुद्धा बघितली नाही, बघायला गेलो असतो तर पुन्हा टोमणा खाल्ला असता.

आणि मग ऊन.

१७ तारीख, रविवार

तीन रात्री लागोपाठ झोपलो आणि माझी जीभ मला नडली. उंट भेटायला आला, त्याला ती गंमत सांगितली. तो हसून म्हणाला, "म्हणजे सासूबाई पाळणा हलवतात म्हणा की!"

उंट गेल्यावर मी सासूबाईंना सांगून टाकलं. म्हटलं, आई, मी काही कुकुलं बाळ नाही. माझी पद्धत आता बसली आहे. खिडकी, हलकं जेवण, निर्धार. तुम्ही आपल्या निवांत झोपा.

"मी आणि निवांत!" म्हणाल्या. "बरं. तुमची क्रेन, तुमचा ब्रेक."

२१ तारीख, गुरुवार

खिडकी किलकिली ठेवली. मग सताड उघडली. मग बंद केली. हलकं जेवलो, मग उपाशी राहिलो. निर्धाराने तर इतका निर्धार केला की त्याच्याच आवाजाने जागा राहिलो. रविवारपासून डोळ्याला डोळा नाही. कडीच्या तीन फेऱ्या, गॅसच्या चार. उद्या ती पेटी आणि तो दिवा.

आज संध्याकाळी जे केलं ते लिहितो. लिहिताना कान गरम होताहेत, तरी लिहितो.

मी सासूबाईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो. हजार माणसांपुढे कधी अडखळलो नाही. भर सभेत माईक बंद पडला तरी थांबलो नाही. इथे एक म्हातारी, हातात विणकाम, आणि माझ्याकडे वाक्य नाही!

"काय हो? फ्यूज उडाला का?"

"नाही... आई, आज..."

"आज काय?"

"आज कोण आहे?"

त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं. मला वाटलं आता व्याज वसूल करतील, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण त्या हसल्या नाहीत. हात पुढे धरले, या वेळी सरळ, अगदी ती धरायची तसे.

"मी आहे. घेतली."

मी दोनदा नाक शिंकरलं. सर्दी असावी. आता पडतो.

२२ तारीख, शुक्रवार

दिवा लागायचा आणि माझं बोट बटणावर! लागला, दाबलं! लागला, दाबलं! डॉक्टरीण म्हणाली, "काका, बटण तोडाल." मी म्हटलं, बिल युनियनला पाठवा.

सही मिळाली. फुकट नाही, एक प्रश्न मागे ठेवून.

"हे जमवलंत कसं?"

मी पद्धत सांगितली. खिडकी, जेवण, निर्धार. मग सासूबाईंची गंमतही सांगितली, तिला हसवायला. ती हसली नाही. पेनाचं टोपण लावत म्हणाली, "आणि त्या कधी झोपतात?"

घरी येताना मनात जुळवत होतो. दुपारी भाजी निवडताना त्यांची मान खाली जाते. विणकामाचे टाके सुटतात आणि त्या चष्म्याला शिव्या घालतात. लेक गेली तेव्हापासून चष्म्याचा नंबर वाढतोच आहे, असं मी समजत होतो.

२४ तारीख, रविवार

चढला! शेवटचा गाळा चढला!

हे मला ओरडून सांगायचंय, पण घरात आवाज करायची सोय नाही. कारण पुढे लिहितो. म्हणून कागदावर ओरडतो. चढला!

सकाळी वर जाऊन बसलो. दोन्ही काठांवर माणसंच माणसं. पोरं बापांच्या खांद्यांवर, आणि पलीकडे दवाखान्याच्या गच्चीवर पांढऱ्या कपड्यांची रांग. रात्रपाळी संपवून घरी न जाता थांबल्या होत्या बाया. हिच्या मैत्रिणी.

गाळा उचलला. त्याला वारा लागला, तो किंचित फिरला, मी त्याला थोपवलं. माणसांना धाक दाखवता येतो. पुलाच्या गाळ्याला धाक नाही, फक्त धीर. काठापासून पुढे, पुढे, आणि मग ती जागा आली. मधल्या खांबापलीकडचं टोक खुर्चीतून दिसत नाही. तिथे गाळा टेकवायचा तो केवळ खाली उभ्या माणसाच्या हाताकडे बघून. आणि तिथे उभा होता उंट.

इथे मी खरं लिहितो. क्षणभर वाटलं, थांबवावं, उतरावं, स्वतः जाऊन बघून यावं. हात दांडीवर घट्ट झाला. लोखंड हवेत आणि मी उतरायचा विचार करतोय! उंटाने मान वर केली. एवढ्या अंतरावरून चेहरा दिसत नव्हता, पण त्याने हात छातीवर ठेवलेला दिसला. माझ्याकडे आहे, असं.

मी त्याच्या हातावर डोळे ठेवले आणि बाकी सगळं सोडून दिलं. हात खाली, गाळा खाली. हात थांबला, मी थांबलो. बोटभर डावीकडे. आणखी खाली. आणि मग तो आवाज! लोखंड खांबावर बसतानाचा, घरी आलेल्या माणसाने पिशवी खाली ठेवावी तसा जड आणि समाधानी.

दोन्ही काठ एकदम ओरडले. बोटींनी भोंगे वाजवले. गच्चीवरच्या बाया ओढण्या, रुमाल, मिळेल ते हलवत होत्या. मी खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून हात उंचावला आणि जे ओरडलो ते भाषण नव्हतं. त्याला शब्दच नव्हते. पण मागच्या रांगेला नक्की ऐकू गेलं असेल.

संध्याकाळी उंट पाळी घ्यायला वर आला. दांड्यांवर हात ठेवले. "घेतली."

मी उतरलो आणि मागे वळून बघितलं नाही.

घरी आलो तर सासूबाई दारातच. "ऐकलं मी. भोंगे इथपर्यंत आले." डोळे लाल, पण आवाज करडा. "हातपाय धुवा, जेवा, आणि उतरा. मी आहे."

मी जेवलो. मग त्यांच्या खुर्चीपुढे गेलो, दोन्ही हात पुढे धरले आणि म्हटलं, "घेतली."

"काय?"

"रात्र. आज मी घेतली. तुम्ही उतरा, आई."

"अहो, दिवसभर डोंगर उचललात, दमलात, आणि..."

"घेतली म्हटल्यावर आधीच्याने तोंड उघडायचं नसतं."

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईला वादात हरवलं आणि तेही तिच्याच वाक्याने! खुर्चीच्या हातांवर जोर देऊन त्या उठल्या, जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि खोलीत गेल्या. थोड्या वेळाने आतून जो घोरण्याचा आवाज सुरू झाला, त्यापुढे आमची क्रेन म्हणजे बासरी.

२५ तारीख, सोमवार

सकाळ. खुर्चीत बसून लिहितोय. पहिली बस आली, दार फुसकन उघडलं, मिटलं, गेली. मी ऐकली. नुसती बस होती.

हिच्या चपला पुसून ठेवल्या. तिथेच ठेवल्या, पण पुसून.

खिडकीतून पूल दिसतो. अजून कठडे लागायचे आहेत, तरी या काठापासून त्या काठापर्यंत एक सलग रेघ आहे आणि तिच्यावर ऊन पडलंय. आज मला सुट्टी दिली आहे. दुपारी लवंडेन म्हणतो, पत्रकाने काहीही म्हणू दे. तोपर्यंत म्हातारी उठेलच.

दूधवाल्याने बेल वाजवायला हात उचलला होता. मी धावत जाऊन त्याचा हात वरच्यावर धरला. तो घाबरून कुजबुजला, "काय झालं, काका? कोणी आजारी आहे का?"

"नाही रे. झोपलंय."

"आणि तुम्ही?"

"मी आहे."

आई अजून घोरताहेत. घोरू देत.

इथे मी आहे.